मुख्य वाद्य ऐकू आले नाही

आपल्या भागातल्या छोट्या बँडनी स्पर्धेत उतरावं की उतरू नये, यावर आमच्या इमारतीत सगळ्यांनाच मत आहे. तळमजल्यावरचा औषधवाला म्हणतो, उतरावं, अंगात चैतन्य येतं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, उतरावं, शिस्त लागते. माझ्या मते उतरू नये. मुळीच उतरू नये. हे मत मला कोणी विचारलेलं नाही, पण यांपैकी एकानेही स्वतः ड्रम तीन जिने खाली उतरवलेला नाही, मी उतरवलेला आहे. तेव्हा माझं ऐकून घ्यावं.

बाबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ते पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होते आणि क्लॅरिनेट वाजवायचे. खात्याच्या आवारात पंपघराला लागून एक खोली आहे. बिघडलेले मीटर तिथे तपासायला आणतात. लांबलचक ओटा, त्यावर नळांची रांग, भिंतीला फळ्या, फळ्यांवर पितळी मीटर आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक चिठ्ठी. या खोलीत बावीस वर्षं, दर गुरुवारी सहा ते आठ, बाबांचा बँड वाजला. बँड म्हणजे चार माणसं. क्लॅरिनेटवर बाबा. अकॉर्डियनवर दातांचे डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं डॉक्टर म्हणतात. व्हायोलिनवर शिंपीकाका. ड्रमवर बसकाका, ते निवृत्त होईपर्यंत बस चालवत आणि अजूनही खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी आधी उजव्या खांद्यावरून मागे बघून घेतात.

मी त्या खोलीची बाबांकडची किल्ली परत द्यायला गेले होते, एवढंच. चौकीदाराने दुसऱ्या किल्लीने दार उघडून दिलेलं होतं आणि तिघं आत वाजवत होते. मी दारात उभी राहिले. म्हटलं, संपू दे, मग बोलू.

ते संपेना.

बाबांनी बांधलेली एक चाल आहे. तिला नाव नाही, ती लांब आहे म्हणून हे लोक तिला ‘मोठी’ म्हणतात. ती गोल फिरते. शेवटाला आली की आपोआप पुन्हा तोंडाशी येते. किती फेऱ्या घ्यायच्या ते बाबा ठरवत. पुरे वाटलं की ते चष्म्याच्या वरून तिघांकडे बघायचे आणि सगळे थांबायचे. बावीस वर्षांत थांबायचं कसं हे दुसऱ्या कोणी शिकलंच नव्हतं. त्या दिवशी मी मोजून चाळीस मिनिटं उभी होते. बसकाकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, डॉक्टरांचा चेहरा भूल न देता दात काढलेल्या माणसासारखा झाला होता, आणि तरी कोणी थांबेना, कारण आपण आधी थांबलो तर उरलेल्या दोघांचा अपमान होईल असं प्रत्येकाला वाटत होतं. शेवटी चौकीदाराने येऊन दिवा घालवला.

दुसरी गोष्ट माझ्या जरा उशिरा लक्षात आली. प्रत्येक फेरीच्या अखेरीला जवळजवळ मिनिटभर क्लॅरिनेट एकटं वर वाजतं आणि बाकीचे खालून साथ करतात. ते तिघं अजूनही तिथे आले की आवाज खाली घ्यायचे आणि अदबीने साथ करायचे. वर कोणी नाही. मिनिटभर अशी साथ करून ते पुन्हा जोरात तोंडाशी यायचे. ती जागा डॉक्टरांनी अकॉर्डियनवर भरून काढावी, किंवा शिंपीकाकांनी, असं मी कधी सुचवलं नाही. त्यांच्याही मनात ते आलं असेल असं वाटत नाही.

“पोरी, किल्ली ठेव तुझ्याकडेच,” बसकाका म्हणाले. “आणि गुरुवारी येत जा. तुला काही वाजवायचं नाही. फक्त थांबवायचं.”

अशी मी बँडमध्ये आले. माझं काम छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं. संगीतातलं मला एवढंच कळतं की कुठे टाळ्या वाजवू नयेत. पण हात वर करणं जमण्यासारखं होतं. आम्ही तीन गुरुवार ते केलं आणि चौथ्या गुरुवारी दारावर कागद लागला.

खात्यात नवे साहेब आले होते. त्यांच्या सहीने लिहिलं होतं की यापुढे कक्षाचा वापर फक्त मान्यताप्राप्त कलासंस्थांना करता येईल. ज्या संस्थेकडे पालिकेच्या कुठल्याही स्पर्धेतल्या सहभागाचं प्रमाणपत्र असेल ती मान्यताप्राप्त. नसेल, तर महिनाअखेरीस कक्ष मोडक्या खुर्च्या ठेवण्यासाठी ताब्यात घेतला जाईल.

“माझ्या दवाखान्यात वाजवू,” डॉक्टर म्हणाले.

“तुमच्या दवाखान्यात माणसं आधीच ओरडत असतात,” शिंपीकाका म्हणाले.

“मग तुमच्या दुकानात.”

“दुकानात उभं राहून टाचणी उचलायची तर आधी बाहेर जावं लागतं.”

बसकाकांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, “हे बघा. आज हिच्या घरी, पुढच्या वेळी माझ्या घरी, त्याच्या पुढच्या वेळी कुणाची सून आजारी, कुणाचा गुडघा. चौथ्या वेळी कुणाच्याच घरी नाही. खोली गेली की आपण गेलो.”

हे खरं होतं. त्यांची खोली गेली असती तर मी गुरुवारी सहा वाजता कुठे गेले असते, हे मात्र मी कोणाला विचारलं नाही.

महिन्याच्या आत होणारी पालिकेची एकच स्पर्धा होती. तिचं नाव होतं ‘बँडची झुंज’. झुंज! कोंबड्यांची समजू शकते. पण ज्यांच्यापैकी एकाला रक्तदाब आहे, एकाला मोतीबिंदू, आणि एकजण दुपारच्या झोपेशिवाय कोणाशी बोलत नाही, त्यांनी झुंजायचं कोणाशी? मी हे आईला म्हटलं. आई भाजी निवडत होती.

“तुझे बाबा कधी कुठल्या स्पर्धेत गेले नाहीत,” ती म्हणाली. “म्हणायचे, मी दिवसभर मीटर मोजतो, संध्याकाळी मला कोणी मोजू नये.”

“मग काय करू?”

“जा की. नुसतं प्रमाणपत्रच हवंय ना? पहिलं यायला कोण सांगतंय?”

स्पर्धेचे नियम नऊ पानांचे होते. त्यांपैकी एका पानावर लिहिलं होतं की सादरीकरण सात मिनिटांपेक्षा कमी आणि आठ मिनिटांपेक्षा जास्त नसावं; वेळ ओलांडणारा बँड बाद होईल आणि त्याला सहभागाचंही प्रमाणपत्र मिळणार नाही. म्हणजे आम्हाला चांगलं वाजवायचं नव्हतं. वेळेवर थांबायचं होतं. जगात आम्हाला न येणारी एकमेव गोष्ट.

अर्ज भरायला मी सांस्कृतिक विभागात गेले. खिडकीमागच्या कारकुनाने संगणकात बघितलं आणि सांगितलं की बँडचे प्रमुख म्हणून बाबांचं नाव आहे. कधीकाळी खात्याच्या बागेत वाजवलं होतं तेव्हा कोणीतरी नोंदवून ठेवलं असणार.

“ते बदलायचं आहे,” मी म्हटलं.

“मग प्रमुखांचा अर्ज लागेल, मॅडम. प्रमुखपद सोडत असल्याचा.”

“ते वारले आहेत.”

“हो का? अरेरे.” त्याने खरोखरच मान हलवली. “पण अर्ज त्यांचाच लागतो.”

मी मृत्यूचा दाखला काढून दिला. एवढ्या महिन्यांत त्याच्या इतक्या प्रती काढल्या होत्या की तो माझ्या पर्समध्ये छत्रीसारखा कायमचा असायचा. कारकुनाने तो दोन्ही बाजूंनी वाचला.

“यात बँडचा उल्लेख नाही,” तो म्हणाला.

माझ्या तोंडाला तिथल्या तिथे जे शब्द आले ते मी गिळले. मला त्याचं आजही वाईट वाटतं, ते चांगले शब्द होते. मागच्या रांगेतला एकजण मला “मॅडम, आटपा जरा” म्हणाला. शेवटी असं ठरलं की प्रमुख बाबाच राहतील आणि मी ‘प्रमुखांच्या अनुपस्थितीत प्रतिनिधी’. अनुपस्थितीचं कारण असा एक रकाना होता, त्यात बोटभर जागा होती. कारकुनाने तिथे स्वतःच ‘वैयक्तिक’ असं लिहिलं.

बातमी इमारतीत पसरली. औषधवाल्याने मला जिन्यात थांबवून सांगितलं की बँडमध्ये एखादी तरुण गायिका घ्या, परीक्षक माणसंच असतात. मुख्याध्यापिकाबाई वर बोलावून म्हणाल्या, “अगं, एकसारखे कपडे हवेत. आमच्या शाळेचं लेझीमपथक नेहमी पहिलं यायचं ते कपड्यांवर.” हे मी चुकून शिंपीकाकांसमोर बोलले. कपड्यांचा विषय बाहेरच्या बाईने काढावा याचा त्यांना इतका राग आला की आठवड्यात त्यांनी निळी जाकिटं शिवून आणली. चार.

“चौथं कोणाचं?” डॉक्टरांनी विचारलं.

शिंपीकाका जाकिटाकडे बघत राहिले. “माप पाठ होतं,” ते म्हणाले. “हाताने आपोआप कापलं.”

ते मी घातलं. खांदे कोपरापर्यंत येत होते आणि खालून मला ते एखाद्या कोटासारखं होत होतं. शिंपीकाका टाचण्या घेऊन पुढे आले, पण मी म्हटलं राहू दे.

सरावात जमू लागलं. एक फेरी तीन मिनिटांची. तिसऱ्या फेरीत बाबांची जागा यायच्या जरा आधी, पावणेआठ मिनिटांना, मी हात वर करायचा आणि सगळ्यांनी थांबायचं. पाच वेळा केलं, चार वेळा जमलं. पाचव्यांदा बसकाकांना मोतीबिंदूमुळे हात दिसला नाही, म्हणून ठरलं की मी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला उभं राहायचं.

स्पर्धा रविवारी दुपारी, पालिकेच्या सभागृहात होती. आमच्या आधीच्या बँडने रंगमंचावर धूर सोडला. त्या धुरात त्यांचाच गिटारवाला पायरी चुकून खाली गेला आणि लोकांनी त्याला सगळ्यात जास्त टाळ्या दिल्या. अशा ठिकाणी आम्ही मागच्या खोलीत बसून वाद्य लावत होतो. लावत होतो म्हणजे लागत नव्हतं. कारण बावीस वर्षं शिंपीकाकांनी व्हायोलिन लावलं ते पंपघरातल्या पंपाच्या घूं आवाजावर. इथे पंप नव्हता.

“अकॉर्डियनवर लावा की,” डॉक्टर म्हणाले. “मी सूर देतो.”

“तुमचा सूर मी बावीस वर्षांत घेतला नाही, आज घेऊ?”

“पंप चालतो आणि मी चालत नाही?”

“पंप कधी स्वतःचं कौतुक करत नाही.”

आमचं नाव पुकारायला दहा मिनिटं होती. मी चौकीदाराला फोन लावला आणि सांगितलं की फोन घेऊन पंपाजवळ जा. “ताई, पाणी तर व्यवस्थित चाललंय,” तो म्हणाला. मी म्हटलं, पाण्याबद्दल तक्रार नाही, पंपाला बोलू दे. आसपासचे केस रंगवलेले तीन-चार बँड आमच्याकडे वळून बघत होते आणि एका निळ्या कोटातल्या बाईच्या फोनमधून पंपाचा आवाज येत होता. शिंपीकाका डोळे मिटून खुंट्या पिळत होते. व्हायोलिन लागलं. माझी अब्रू तेवढी उतरली.

मग निवेदकाने आम्हाला बोलावलं. त्याच्या कागदावर जे होतं ते त्याने वाचलं: बाबांचं नाव, आडनावासकट, आणि ‘यांचा बँड’. “जोरदार टाळ्यांनी स्वागत करू या!” लोकांनी केलं. सभागृहातल्या तीन-साडेतीनशे लोकांनी बाबांसाठी टाळ्या वाजवल्या. हे असं होणार हे मला आधी कळायला हवं होतं. अर्ज मीच भरला होता.

आम्ही सुरू केलं. नाव ऐकून की पंपाच्या गडबडीने, कोण जाणे, बसकाका उशीर झालेली बस काढावी तसे निघाले. मी डाव्या डोळ्याच्या बाजूने दोन-तीनदा खुणावलं. ते मागे खांद्यावरून बघून वेग वाढवत होते. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. परीक्षकांच्या टेबलावर दिवे होते: हिरवा, साडेसात मिनिटांनी पिवळा, आठला लाल. पिवळा लागला तेव्हा आम्ही घाईमुळे ठरलेल्या जागेच्या पुढे येऊन पोहोचलो होतो. तिघांनी आवाज खाली घेतला होता. साथ चालू होती.

मी हात वर करायचा होता. मला ते पक्कं ठाऊक होतं. खोली, मोडक्या खुर्च्या, बसकाकांचे गुडघे, सगळं आठवत होतं. पण बाबांचं चालू होतं. माणूस वाजवत असताना मध्येच हात दाखवून थांबवायचं बरं दिसलं नसतं. म्हटलं, त्यांचं होऊ दे.

झालं तेव्हा लाल दिवा लागला आणि चाल तोंडाशी आली. आता बाद तर झालोच होतो. मी तेव्हाही हात वर करू शकले असते. केला नाही. चौथी फेरी सुरू झाली, चांगली झाली, आणि तिच्या अखेरीला ती जागा पुन्हा आली. परीक्षकांपैकी एकजण घड्याळावर बोट आपटत होता. तिसऱ्या रांगेत आई बसली होती. तिने डोळे मिटले होते आणि गुडघ्यावर एका बोटाने ठेका धरला होता. तो ड्रमचा नव्हता, अकॉर्डियनचाही नव्हता.

सभागृहाच्या व्यवस्थापकाने पडदा पाडला. पडदा झांजेवर अडकला, मग सुटला. आम्ही पडद्यामागे वाजवतच होतो. जागा संपली तेव्हा मी हात वर केला आणि तिघं त्याच क्षणी, एका दमात थांबले. इतकं नेमकं आम्ही कधीच थांबलो नव्हतो. ते कोणालाही दिसलं नाही.

“थांबवलं का नाहीस गं?” बाहेर आल्यावर आईने विचारलं.

मी जाकिटाच्या बाह्या वर सारत राहिले.

“बरं केलंस,” ती म्हणाली, आणि रिक्षा बोलवायला गेली.

मंगळवारी विभागाचं पत्र आलं. वेळ ओलांडल्यामुळे बँड बाद. प्रमाणपत्र देता येत नाही. सोबत परीक्षकांचा शेरा: ‘साथ उत्तम. मुख्य वाद्य ऐकू आले नाही. ध्वनिव्यवस्था तपासावी.’

मला राग येतो तेव्हा मी वाचते. नऊ पानांचे नियम मी पुन्हा पहिल्यापासून, कामावर वाचते तसे, पट्टी ठेवून एकेक ओळ वाचले. सातव्या पानाच्या तळाला, वाद्य लावण्यात वेळ जातो अशी पूर्वी कोणी तक्रार केली असावी म्हणून, एक ओळ घातलेली होती: सादरीकरणाची वेळ मुख्य वाद्य सुरू झाल्यापासून मोजली जाईल.

बुधवारी मी खिडकीशी उभी होते.

“मुख्य वाद्य ऐकू आलं नाही, हे तुमच्याच परीक्षकांनी लिहिलंय,” मी म्हटलं.

“हो.”

“म्हणजे ते सुरू झालं नाही.”

“असं म्हणायला हरकत नाही.”

“मग वेळ कधीपासून मोजली?”

कारकून उठून आत गेला. आतून एक अधिकारीबाई आल्या. त्यांनी पान सात वाचलं, शेरा वाचला, पुन्हा पान सात वाचलं. “पण मॅडम, मग वेळ ओलांडली नाही हे खरं, तरी तुम्ही सादर केलं असंही होत नाही,” त्या म्हणाल्या. “सुरूच झालं नाही, तर सहभाग कसला?”

“मग मला तसं लेखी द्या.”

त्यांनी दिलं. अशा खात्यात खरी गोष्ट लेखी मिळत नाही, पण अडचणीची गोष्ट हमखास मिळते. पत्रात लिहिलं होतं: सदर बँडचे सादरीकरण अद्याप सुरू व्हावयाचे असल्याने प्रवेशिका प्रलंबित ठेवण्यात येत आहे. ते पत्र घेऊन मी तशीच नव्या साहेबांकडे गेले, कारण आता मी त्यांचा दारावरचा कागदही पट्टी लावून वाचला होता. ज्यांची प्रवेशिका विचाराधीन आहे त्यांना निर्णय होईपर्यंत कक्ष वापरता येईल, असं त्यात शेवटी होतं. साहेबांनी स्वतःचंच वाक्य दोनदा वाचलं. खुर्च्या जिन्याखाली गेल्या.

गुरुवारी मी हे तिघांना सांगितलं. समजायला जरा वेळ लागला.

“म्हणजे तो वाजवायला सुरुवात करत नाही, तोवर खोली आपली?” बसकाकांनी विचारलं.

“कागदावर तसंच आहे.”

“नेहमी उशिरा यायचा,” शिंपीकाका म्हणाले. “किती बोललोय मी त्याला त्यावरून.” मग त्यांनी पंपाकडे कान केला आणि व्हायोलिन लावायला घेतलं.

औषधवाला आता सांगतो की पुढच्या वर्षी पुन्हा उतरा, यंदा थोडक्यात गेलं. मुख्याध्यापिकाबाईंना वाटतं दोष जाकिटाच्या मापाचा होता. मी वाद घालत नाही. ज्यांना झुंजायचं आहे त्यांनी खुशाल झुंजावं. माझा राग वेगळाच आहे. विभागाने आमची फाईल बंद केलेली नाही. दर तीन महिन्यांनी एक छापील कार्ड येतं: ‘मुख्य वाद्य सुरू झाले काय?’ खाली रेघ आणि प्रतिनिधीची सही. मी त्या रेघेवर लिहिते, ‘अद्याप नाही.’ दोन शब्द आहेत. ते लिहायला मला प्रत्येक वेळी पाऊण तास लागतो, आणि कार्ड एक दिवस उशिरा पोहोचलं की हे लोक वर मलाच विचारतात, मॅडम, एवढा कसला उशीर?